चिरंजीव कूलर आणि पॉईंटचे पैसे

ऊर्जा बचतीचा सप्ताह सरकारने डिसेंबरात का ठेवला, हे कळायला गडचिरोली जिल्ह्यात नोकरी करावी लागते. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्याला धरून आठवडाभर फलक, शपथा आणि शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धा असतात. त्या दिवसांत वैनगंगेवरून सकाळी असं वारं येतं, की ऑफिसात एकही पंखा फिरत नाही. कूलर प्लास्टिक गुंडाळून कोपऱ्यात उभा असतो आणि निम्मा कर्मचारीवर्ग आवारातल्या शेकोटीपुढे असतो. आठवडा संपला की अहवाल जातो : ‘कार्यालयातील सर्व पंखे, कूलर व वातानुकूलन यंत्रणा पूर्णपणे बंद ठेवण्यात आली.’ यातला शब्द न् शब्द खरा. सरकारी अहवालाला इतकं खरं बोलण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते.

शपथेचं तेवढं अवघड असतं. शपथ घेताना फोटो काढून वर पाठवावा लागतो आणि फोटोत चेहरे काळे येतात. म्हणून हॉलमधल्या झाडून सगळ्या ट्यूब लावायच्या, हात पुढे करायचा आणि ‘मी विजेचा अपव्यय टाळीन’ अशा अर्थाचं एकसुरात म्हणायचं. फोटो नीट आला नाही तर पुन्हा म्हणायचं.

मे महिन्यात मात्र असा सप्ताह कोणी काढत नाही. २५ मेला कडक उन्हाचा नवतपा लागतो. चंद्रपूर आणि ब्रम्हपुरी ही नावं रात्रीच्या बातम्यांत देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत येतात आणि आम्ही ती काहीशा अभिमानाने ऐकतो. तेव्हा जर कोणी ‘अनावश्यक पंखे बंद करा’ असं परिपत्रक धाडलं, तर त्या परिपत्रकाने सगळे वारा घेतील.

तरीही पंख्यांची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. छताचा साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. तो तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट होतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे ऑफिसच्या आठ तासांत एका रिकाम्या खुर्चीला वारा घालायला जवळजवळ अर्धा किलो कोळसा लागतो. हा हिशेब मी एकदा हॉलमध्ये मोठ्याने मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, हळहळ व्यक्त केली आणि त्या हळहळीनंतर चहाला गेले. पंखे सुरूच होते.

ते सुरूच ठेवावे लागतात, हे बाहेरच्याला समजत नाही. सरकारी ऑफिसात डोक्यावरचा पंखा हा हजेरीचा पुरावा असतो. खुर्चीच्या पाठीवर पिशवी, टेबलावर उघडी फाईल, त्यावर चष्म्याची डबी आणि वर फिरता पंखा एवढं असलं की बाबू जागेवर आहेत, इथेच कुठे गेलेत, आत्ता येतील. पंखा बंद असला की संपलं. शेतकरी दारातूनच मागे फिरतो, साहेब विचारतात, ‘आज रजेवर आहेत का?’ वीज वाचवायची तर माणूस अनुपस्थित ठरतो. माणूस टिकवायचा तर वीज जाते. असा पेच पडल्यावर कोणता बाबू विजेची बाजू घेईल?

याच बाबूला घरी पाहावं. बायको स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली की हे उठून स्वयंपाकघरातला दिवा घालवतात. ती चहा गाळायला परत जाते तेव्हा अंधारात हात भाजतो, यावरून शब्दाला शब्द लागतो. पोराच्या खोलीत डोकावून ‘कोण बसलंय का त्या पंख्याखाली?’ हा प्रश्न ते रोज विचारतात. घरच्या मीटरवर त्यांचं नाव आहे. ऑफिसच्या मीटरवर ज्याचं नाव आहे त्या पदावर आजवर कितीतरी माणसं आली आणि बदलून गेली. बिल पदाच्या नावाने येतं आणि पद घाम पुसत नाही.

शिवाय बिलाची रक्कम वाचवून मिळवायचं काय? वर्षाच्या शेवटी वीज आणि पाण्याच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक दिसले, तर पुढच्या वर्षी तेवढं अनुदान कमी येतं. घरी वाचवलेला पैसा डब्यात राहतो. इथे वाचवलेला पैसा ‘अखर्चित’ ठरतो आणि अखर्चितबद्दल खुलासा मागतात. आमच्या एका जुन्या बाबूंनी मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, ‘जास्त खर्च केला तर एक खुलासा लागते जी, कमी खर्च केला तर दोन.’

समजा एखाद्याच्या मनात आलंच बंद करायचं. मग बटणांचा प्रश्न येतो. हॉलच्या दाराशी एक बोर्ड आहे, त्यावर दोन ओळींत बटणं आहेत. कोणतं बटण कोणत्या पंख्याचं हे फक्त शिपाईभाऊंना ठाऊक. बाकी कोणी हात लावला की आस्थापना शाखेचा पंखा थांबतो, लेखा शाखेचा संगणक जातो, मागच्या खोलीतून ‘कोण आहे रे?’ असा आवाज येतो आणि जो रिकाम्या खुर्चीवरचा पंखा बंद करायचा होता तो शांतपणे फिरत राहतो. रेग्युलेटर बहुतेक जळालेले. उरलेल्यांना शून्य आणि पाच एवढेच आकडे येतात. बोर्डावर कोणे एके काळी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून नावं लिहिली होती, पण ती त्या वेळच्या कर्मचाऱ्यांची. आज एका बटणावर निवृत्त होऊन गेलेल्या माणसाचं नाव आहे आणि ते दाबलं की बाथरूमचा दिवा लागतो.

शिपाईभाऊंना एकदा म्हटलं, ‘भाऊ, जेवणाच्या सुट्टीत तरी सगळे बंद करत जा.’ ते म्हणाले, ‘कायले जी? बंद करा, मंग लावा. दोन कामं होतात.’

आता कूलर. आमच्या ऑफिसातला कूलर पत्र्याचा आहे. तो सुरू झाला की शेजारच्या शाळेला कळतं. पाण्यापेक्षा गंज जास्त उडवतो, वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो आणि वीज किती खातो हे मोजायला कोणाची हिंमत झालेली नाही. दर उन्हाळ्यात त्याच्या ताट्या बदलतात, मोटर भरून आणतात आणि मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, नवा घ्या, याच्या दुरुस्तीत आला असता.’ पण नवा घ्यायचा तर जुन्याचं निर्लेखन व्हावं लागतं. त्यासाठी तो जडसंग्रह नोंदवहीत सापडावा लागतो. नोंदवहीत तो आहे, पण तिथे त्याचा रंग हिरवा लिहिलाय आणि हा तपकिरी आहे. तो गंजाने तपकिरी झाला हे कोणी प्रमाणित करायचं, यावर फाईल तालुका आणि जिल्हा यांच्यामध्ये कुठेतरी आहे. पुराणातल्या मार्कंडेयाला सोळा वर्षांचंच आयुष्य होतं. यमाने फास टाकला तेव्हा पोराने पिंडीला मिठी मारली आणि शंकराने त्याला चिरंजीव केलं. आमच्या कूलरने नोंदवहीला मिठी मारली आहे. यम दरवर्षी एप्रिलमध्ये येतो आणि रंगाचा उल्लेख वाचून परत जातो.

जुन्या पंख्यांची आणि जाड चोकच्या ट्यूबांचीही तीच कथा. बाजारात तीस वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे आले, वीस वॅटच्या एलईडी ट्यूब आल्या. चोकसकट पन्नासच्या वर वॅट खाणारी जुनी ट्यूब त्यांच्यापुढे उधळी ठरते. पण ती चालू आहे ना? चालू वस्तू बदलली तर लेखापरीक्षक विचारणार, ‘चालू असताना का बदलली?’ चालू असताना जास्त वीज खाते, हे उत्तर त्या रकान्यात मावत नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये एसी आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर ठरवून येतात आणि तापमान एका अंशाने वाढवलं तर सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतं. आमचा एसी त्या तारखेच्या आधीचा. त्याचा रिमोट हरवला तेव्हा तो १८ वर होता, म्हणून तो कायमचा १८ वर आहे. साहेब मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. त्याच महिन्यात प्रत्यक्ष भेटून निवेदन देणाऱ्यांची संख्या फार वाढते. निवेदन वाचून झालं तरी माणसं उठत नाहीत, मग आणखी एखादी मागणी आठवते. लोकाभिमुख प्रशासनाला वीज लागते, हे मान्य करावं लागेल.

राज्य सरकारने मात्र एकदा या प्रश्नाला खरोखर मुळापासून हात घातला. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला. वीज, पाणी आणि वाहनांचं इंधन वाचेल, हे त्यामागचं एक कारण सांगितलं होतं. वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. सरकारने हिशेबही दिला होता : पूर्वी वर्षाचे सरासरी २८८ दिवस आणि २०८८ तास काम व्हायचं, आता २६४ दिवस आणि २११२ तास होणार. म्हणजे २४ दिवस कमी आणि २४ तास जास्त. ज्याने हे जुळवलं त्याच्या गणिताला माझा नमस्कार. वीज कोणत्या बाजूला वाचते हे मी पुष्कळ वेळा कागदावर मांडून पाहिलं. दिवसांच्या बाजूने पाहिलं तर वाचते, तासांच्या बाजूने पाहिलं तर वाढते. खरी बचत शनिवारी रिकाम्या इमारतीत व्हायची, पण शुक्रवारी सव्वासहाला सगळ्यांना बस पकडायची घाई असते आणि व्हरांड्यातला पाण्याचा कूलर दोन दिवस कोणासाठी तरी पाणी थंड करत बसतो.

आमची जुनी इमारत कवेलूची होती. उंच छप्पर, जाड भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा. दुपारी बारापर्यंत पंख्याची आठवण होत नसे. गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांना मिळून चांदा म्हणत त्या काळातल्या साहेबांची ऑफिसं तशीच असायची. दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारायला एक माणूस आणि छताचा झालरीचा पंखा दोरीने ओढायला व्हरांड्यात दुसरा. युनिट शून्य. त्या पंख्याला एकच दोष होता, ओढणाऱ्याला डुलकी लागली की वारा जायचा. आमची ‘लाईन’ गेली की तो काळ आठवतो, फरक एवढाच की तेव्हा हाक मारली तर वारा परत यायचा. नवी इमारत स्लॅबची आहे. दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब चौकीदाराला देते. गच्चीवर चुना मारा, आतली तापणूक कमी होते, असं कोणीतरी सुचवलं होतं. चुना कोणत्या शीर्षातून घ्यायचा, इथे ते थांबलं.

विजेच्या बाबतीत आम्हाला उपदेश ऐकताना थोडं हसू येतं, याचं कारण भूगोलात आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मार्कंडा गावी वैनगंगा वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून ते तीर्थ. उलटं वाहण्याचं आम्हाला कौतुक आहेच. पण विजेचं वाहणं त्याहून अजब. नदीपलीकडे चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं केंद्र आहे. कोळसा तिथला, पाणी इरई धरणाचं, राख आणि धूर तिथलाच. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, उरलेली उष्णता आमच्याच आभाळात जाते. जणू मे महिन्याला तिची गरज होती. आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या एका उच्चदाब वाहिनीने इथली वीज ७५२ किलोमीटर जाऊन भिवंडीजवळच्या पडघ्याला उतरते. पुढे ती मुंबईच्या बाजूला कुठे कुठे जाते ते मला माहीत नाही, पण एक ठिकाण माहीत आहे. ऊर्जा बचतीवरच्या बैठकीला आमचे साहेब मुंबईला गेले होते, ते सर्दी घेऊन परत आले.

पण वीज वाचवणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ती मार्कंड्याच्या जत्रेत दिसतात.

महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. चामोर्शी तालुक्यातल्या त्या छोट्या गावात दोन्ही जिल्ह्यांतून लोक लोटतात आणि आमच्यासारख्या ऑफिसातल्या माणसांची नियंत्रण कक्षात ड्युटी लागते. नियंत्रण कक्ष म्हणजे मंडपाचा एक तुकडा, दोन टेबलं, एक माईक, हरवलेली पोरं आणि रजिस्टर. त्याला वेगळी वीजजोडणी असते. तिथल्या ट्यूबा ठेकेदाराने ज्या क्षणी लावल्या त्या क्षणापासून, भर दुपारीसुद्धा, जळत असतात. बंद करायला बटणच दिलेलं नसतं.

दुकानांची गोष्ट वेगळी. त्यांना जनरेटरवाला वीज देतो आणि पॉईंटमागे पैसे घेतो. एक बल्ब, एका रात्रीचे अमुक. रोख. संध्याकाळी तो वही घेऊन फिरतो आणि त्याच्या नजरेतून एकही तार सुटत नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेले ऊर्जा लेखापरीक्षक असतात म्हणे. त्यांनी या वहीवाल्याबरोबर एक रात्र फिरावं.

दुकानांच्या त्या ओळीत मी जे पाहिलं ते कोणत्याही पुस्तिकेत छापलेलं नाही. दोन दुकानं मिळून एकच पॉईंट घेतात आणि बल्ब मधल्या बांबूला बांधतात. अर्धा उजेड बांगड्यांवर, अर्धा प्रसादाच्या पुड्यांवर. खेळणीवाल्याने बल्बाला लांब वायर ठेवून आकडीची काठी केलेली. गिऱ्हाईक डावीकडे गेलं की बल्ब डावीकडे, उजवीकडे वळलं की उजवीकडे. गिऱ्हाईक नुसतं बघून निघालं तर बल्ब लगेच परत. जिथे पैसे दिसतात तिथेच उजेड. एका ठिकाणी दोघांची भागीदारी तुटली होती. ज्याने पैसे भरले होते त्याने मध्ये पोत्याचा पडदा बांधला, शेजाऱ्याकडे उजेड गळू नये म्हणून. पडद्याला एक भोक होतं. शेजारी त्या भोकासमोर गल्ला घेऊन बसला होता.

देवळाचं तर विचारूच नका. ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात त्या या दगडी देवळांना वीज फारशी मानवलेली नाही. पूर्वी कधीतरी वीज पडून मुख्य देवळाच्या शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला, असं जुन्या नोंदी सांगतात. बिनबिलाची वीज आली, ती तेवढीच. पण आतला दगड असा, की बाहेर ऊन चटके देत असताना गाभाऱ्याकडे पाय टाकला की गारवा लागतो. त्यामुळे ड्युटीच्या दिवशी दुपारी एक ते चार नियंत्रण कक्षात कोणी सापडत नाही. रजिस्टरवर ‘दर्शनरांगेची पाहणी’ असं लिहिलेलं असतं आणि सगळे पाहणीला खांबांना टेकून बसलेले असतात. इकडे कक्षातला पंखा रिकाम्या खुर्च्यांची हजेरी सांभाळत असतो.

जत्रेतल्या माणसांची ही काटकसर बघून मी भारावलो होतो आणि साहेबांना त्याचं वर्णन करत होतो. साहेब म्हणाले, ‘यांच्याकडून शिकायला पाहिजे.’ तेवढ्यात बांगड्यावाल्या काकू मंडपात आल्या, टेबलाखाली वाकल्या आणि एक्स्टेंशन बोर्डावरून आपला मोबाईल काढून घेतला. मग मी टेबलाखाली पाहिलं. सगळ्या जत्रेचे मोबाईल तिथे होते. प्रसादवाले, खेळणीवाले, पाळण्यावाले, पोत्याच्या पडद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा निघाला होता. जनरेटरवाल्याच्या वहीत चार्जिंगचे वेगळे पैसे असतात, म्हणून ही सोय. खुद्द जनरेटरवाल्याची टॉर्चसुद्धा तिथेच लागलेली होती.

साहेबांचा आवाज चढला. ‘काकू, दुकानातला एक बल्ब तुम्ही दोघींत वाटून घेता आणि फोन इकडे लावता?’

काकूंनी त्यांच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. ‘तो बल्ब माह्या पैशाचा हाये जी,’ त्या म्हणाल्या. ‘हे तं सरकारी हाये.’

शिपाईभाऊ एवढा वेळ गप्प होते. फोनांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनीच सकाळी चपलांच्या स्टँडवरून पत्र्याचे बिल्ले आणून प्रत्येक फोनला एकेक बांधला होता. त्यांनी हळूच विचारलं, ‘साहेब, तुमचा फुल झाला, काढू का? मागं लय नंबर लागून हायेत.’

साहेबांच्या फोनला सात नंबरचा बिल्ला होता.